मोरबाथची हिशेबवही

इंग्लंडच्या इतिहासातील ट्यूडर कालखंड अभ्यासताना आठवा हेन्री, त्याच्या सहा राण्या, पोपशी झालेली फारकत, मठांचे विसर्जन आणि अखेरीस पहिली एलिझाबेथ एवढे मुद्दे ध्यानात ठेवले म्हणजे परीक्षेपुरते काम भागते. 'राजाने धर्म बदलला' असे एक वाक्य आपण उत्तरपत्रिकेत लिहितो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. परंतु राजाने धर्म बदलला म्हणजे खेड्यात मेंढरे राखणाऱ्या माणसाच्या आयुष्यात नेमके काय बदलले? त्याला कोणी विचारले होते काय? त्याने मुकाट्याने मान्य केले, की विरोध केला? या प्रश्नांची उत्तरे राजाच्या दरबारी कागदांत मिळत नाहीत. ती शोधायची तर खेड्यातल्याच कागदांकडे जावे लागते. असे कागद सुदैवाने ज्या काही गावांचे शिल्लक राहिले आहेत, त्यांपैकी मोरबाथ या एका लहानशा गावाच्या हिशेबवहीचा परिचय प्रस्तुत लेखात करून देण्याचा विचार आहे.

मोरबाथ हे इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन परगण्यात, एक्समूर नावाच्या उजाड माळरानाच्या दक्षिण कडेला वसलेले आहे. एक्सेटर हे परगण्याचे मुख्य शहर तेथून दक्षिणेस सुमारे पंचवीस मैलांवर. सोळाव्या शतकात गावात तेहतीस कुटुंबे होती, म्हणजे माणसे दीडशेच्या आसपास. जमीन डोंगराळ, पाऊस भरपूर, धान्य बेताचे. त्यामुळे खरा आधार मेंढरांचा आणि लोकरीचा. गावाची जमीनदारी जवळच्या बार्लिंच मठाकडे होती, ती हेन्रीने मठ मोडले तेव्हा संपली. या गावात कोणी मोठा उमराव नव्हता, मोठी लढाई झाली नाही, कोणी प्रसिद्ध पुरुष जन्मला नाही. सारांश, पाठ्यपुस्तकात नाव यावे असे तेथे काहीही घडले नव्हते.

मोरबाथकडे वळण्यापूर्वी 'पॅरिश' म्हणजे काय ते थोडक्यात सांगितले पाहिजे. एका चर्चच्या हद्दीत येणारे गाव आणि शिवार म्हणजे पॅरिश. त्या हद्दीतील प्रत्येकाने उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा, त्याच चर्चमध्ये बाप्तिस्मा घ्यायचा, लग्न करायचे आणि त्याच्याच आवारात पुरले जायचे. पुढे एलिझाबेथच्या अखेरच्या वर्षांत, १६०१ च्या कायद्याने, गरिबांच्या पोटापाण्याची जबाबदारीही पॅरिशवर आली. तेव्हा पॅरिश हे देवाचे तसेच कारभाराचेही एकक होते आणि जेथे कारभार आला तेथे कागद आलाच.

या कागदांतील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे जन्म-लग्न-मृत्यूची नोंदवही. हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्याने दर आठवड्याला बाप्तिस्मे, विवाह आणि दफने एका वहीत लिहून ठेवावीत. आज आपल्याला ही सुधारणा वाटते. त्या काळच्या डेव्हन आणि कॉर्नवॉलच्या लोकांना मात्र तिचा धसकाच बसला. सरकार नावे लिहून घेते आहे, तेव्हा आता मूल झाले की कर, लग्न केले की कर आणि मेले तरी कर, अशी आवई उठली. तेथील अधिकाऱ्याने तसे क्रॉमवेलला कळविलेही होते. खेड्यातील माणूस लेखणीला का भितो हे ज्याने पाहिले आहे त्याला या बातमीचे नवल वाटणार नाही. सुरुवातीच्या पुष्कळ वह्या कागदाच्या असल्याने नष्ट झाल्या. १५९८ मध्ये जुन्या नोंदी, निदान एलिझाबेथच्या राज्यारोहणापासूनच्या, चर्मपत्रावर उतरवून घेण्याचा आदेश निघाला. म्हणूनच इंग्लंडमधील बऱ्याच गावांच्या वह्या १५५८ पासून सुरू होताना दिसतात. (कॅथलिक जगात अशीच सक्ती १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने केली, गोव्यातील चर्चमधली बाप्तिस्म्याची पुस्तके ही त्याच प्रथेची.)

या नोंदवह्यांवरून काय काय काढता येते याचे उदाहरण डेव्हनमधीलच कॉलिटन गावाचे आहे. ई. ए. रिग्ली या अभ्यासकाने १९६६ मध्ये तेथील नोंदी घराघराप्रमाणे जुळविल्या. तेव्हा असे दिसले, की सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि सतराव्याच्या पूर्वार्धात तेथील मुलींचे पहिले लग्न सरासरी सत्ताविसाव्या वर्षी होत असे आणि १६४५-४६ च्या प्लेगनंतर ते वय तिसाच्या जवळ गेले. जुन्या काळी सगळीकडेच मुलींची लग्ने लहानपणी होत, हा आपला समज येथे पार कोसळतो. तथापि या नोंदवहीला एक मर्यादा आहे. ती नाव सांगते, तारीख सांगते आणि गप्प बसते. माणूस जन्मला आणि मेला, मधल्या काळात तो काय बोलला हे ती सांगत नाही. मोरबाथची वही महत्त्वाची आहे ती येथे.

ती वही जन्ममृत्यूची नव्हे. ती चर्चच्या जमाखर्चाची आहे आणि १५२० पासून १५७३ पर्यंतचे हिशेब तीत आहेत. ही सर्व वर्षे गावचा पाद्री एकच होता, सर ख्रिस्तोफर ट्रिकी. ('सर' ही पदवी त्या काळी साध्या पाद्र्यालाही लावीत, ते काही सरदार नव्हते.) ते १५२० मध्ये गावात आले आणि १५७४ मध्ये मरेपर्यंत तेथेच राहिले. चौपन्न वर्षे! हिशेब ठेवण्याचे काम खरे तर चर्चच्या कारभाऱ्यांचे. हे कारभारी गावकऱ्यांतून पाळीपाळीने होत. त्यांच्या वतीने सर ख्रिस्तोफर लिहीत आणि वर्षातून ठरलेल्या वेळी सर्व गावापुढे ते मोठ्याने वाचून दाखवीत. माझ्या मते या वहीची सगळी किल्ली या गोष्टीत आहे. तो हिशेब डोळ्यांनी वाचण्यासाठी लिहिलेलाच नव्हता, तो कानांनी ऐकण्यासाठी होता. घरात वाचता येणारे एकच माणूस असले म्हणजे आलेले पत्र कसे वाचले जाते, वाचणारा मध्येच थांबून कसा खुलासा करतो, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. सर ख्रिस्तोफर तसेच लिहितात. आकड्यांच्या मध्ये ते गावाला समजावतात, आभार मानतात, कधी कानपिचक्या देतात. कोठे कारभारी बोलत असतो, कोठे ते स्वतः 'मी' म्हणून बोलतात. शब्दांचे लेखनही कानाला जसे ऐकू येई तसे, डेव्हनच्या उच्चाराप्रमाणे केलेले आहे.

आता त्या हिशेबात काय आहे ते पाहू. चर्चमध्ये निरनिराळ्या संतांचे पुतळे होते आणि प्रत्येकापुढे दिवा किंवा मेणबत्ती तेवत ठेवावी लागे. त्यासाठी प्रत्येक संताचा वेगळा निधी असे. त्यास 'स्टोअर' म्हणत. संत जॉर्जचा निधी, मेरीमातेचा निधी, संत अँटनीचा निधी. शिवाय गावातील तरुणांचा एक निधी आणि अविवाहित मुलींचाही एक निधी होता. मुलींच्या निधीच्या कारभारणी मुलीच असत. वर्षभर पैसे गोळा करून त्याही इतरांप्रमाणे गावापुढे हिशेब देत. सोळाव्या शतकातील एका आडगावात ही व्यवस्था होती, हे वाचून थोडे थांबावेसे वाटते.

या निधींचे भांडवल म्हणजे मेंढरे. संत अँटनीची अमुक मेंढरे, मेरीमातेची तमुक, अशी ती मोजलेली असत. पण त्यांचा निराळा कळप नव्हता. गावकरी त्यांना आपापल्या कळपात सांभाळीत. एकाच्या घरी एक, दुसऱ्याच्या घरी दोन. लोकर विकून येणारा पैसा निधीत जाई. वर्षाच्या हिशेबात कोणाकडे कोणते मेंढरू आहे, कोणते मेले, कोणाला कोकरू झाले, हे सर्व येई. त्यामुळे गावातील जवळजवळ प्रत्येक घराच्या गोठ्यात एखाद्या संताची एक ठेव असे. धर्म हा रविवारी अंगावर चढवायचा आणि घरी आल्यावर उतरवायचा कपडा नव्हता. तो रोज चारा मागणारा प्राणी होता. एकाने मरताना मधमाश्यांचे पोळे दिले, ते अशासाठी की त्याच्या मेणाने दिवा जळत राहावा. उत्पन्नाचे दुसरे मोठे साधन म्हणजे 'चर्च-एल'. एल म्हणजे बार्लीची बिअर. चर्चचे म्हणून एक घर असे, तेथे कारभारी ही बिअर बनवून विकीत आणि गाव एकत्र खाऊनपिऊन नफा चर्चला देई. आपल्याला हे चमत्कारिक वाटेल, पण त्या काळच्या इंग्रज खेड्यात ही सर्वमान्य रीत होती.

सर ख्रिस्तोफर यांची स्वतःची भक्ती संत सिडवेल हिच्यावर होती. ही एक्सेटरची स्थानिक संत. दंतकथा अशी, की तिच्या वाट्याच्या जमिनीसाठी सावत्र आईने कापणी करणाऱ्या मजुरांना फितविले आणि त्यांनी विळ्याने तिचे डोके उडविले. शेतजमिनीचा तंटा, सावत्रपणा आणि विळा. शेतकऱ्यांच्या गावाला ही संत जवळची वाटली असल्यास आश्चर्य नाही. सर ख्रिस्तोफर यांनी तिचा पुतळा चर्चमध्ये आणला आणि हळूहळू गावाने तिला आपलेसे केले.

हे गाव म्हणजे सर्व गुण्यागोविंदाचे होते असे मात्र समजू नये. १५३० नंतरच्या काही वर्षांत चर्चच्या कारकुनाच्या वेतनावरून मोठा तंटा माजला. वेतन पैशाने व धान्याने घरोघरून द्यायचे असे. काहींनी नाकारले आणि मग वर्षानुवर्षे बैठका, तडजोडी आणि पुन्हा मोडतोड. १५३६ मध्ये सविस्तर करार लिहून तो मिटला. एवढे लांबण्याचे कारण असे, की बहुमताने निर्णय करून मोकळे होण्याची रीत त्या गावाला पसंत नव्हती; सर्वांची संमती हवी असे. एकटादुकटा माणूसही काम अडवू शके. दुसरीकडे १५३४ च्या नोव्हेंबरात चोराने चर्चमध्ये शिरून चांदीचा चषक पळविला, तेव्हा गावातील तरुण आणि मुली यांनी आपापसांत पैसे गोळा करून नवा चषक आणला. भांडण आणि वर्गणी, दोन्ही एकाच वहीत शेजारी शेजारी आहेत.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे येतो. मृतांसाठी प्रार्थना करताना पाद्र्याने काळी उपासनावस्त्रे घालावीत अशी प्रथा होती. मोरबाथकडे ती नव्हती. सर ख्रिस्तोफर यांनी ती घेण्याचे मनात धरले. गाव गरीब, वस्त्रे महाग. त्यांनी चर्चच्या मेंढरांच्या लोकरीतून त्यांना स्वतःला मिळणारा दहावा हिस्सा या कामासाठी बाजूला ठेवायला सुरुवात केली. वर्षामागून वर्षे थोडे थोडे पेन्स साठत राहिले. सुमारे वीस वर्षे लागली. अखेर १५४७ साली वस्त्रे आली.

त्याच वर्षी जानेवारीत आठवा हेन्री वारला होता. गादीवर त्याचा नऊ वर्षांचा मुलगा सहावा एडवर्ड बसला आणि राज्यकारभार कडव्या सुधारकांच्या हाती गेला. पुतळ्यांपुढील दिवे बंद, मिरवणुका बंद, पुतळे काढून टाका, मृतांसाठी प्रार्थना करणे हे थोतांड, असे हुकूम एकामागून एक निघाले. वीस वर्षे साठवून घेतलेली काळी वस्त्रे गावात येऊन पोचली आणि ती वापरण्याचे दिवसच संपले. हिशेबात कोठेही शोक नाही. खरेदीची नोंद आहे आणि पुढच्या पानांवर सर्व मोडत गेल्याच्या नोंदी आहेत.

१५४८ साली कारभाराची पाळी ल्यूसी सीली या बाईवर आली होती. संतांचे निधी बंद झाले, मेंढरे विकली गेली. तरुणांचा निधी गेला, मुलींचा गेला. चर्च-एल थांबल्या. पूर्वी अनेक कारभारी आपापले हिशेब घेऊन उभे राहत. आता एकच हिशेब, तोही थोडक्यात. वस्तूंची जमा संपली आणि हुकूम पाळण्याचा खर्च वाढला. नवी पुस्तके विकत घ्या, अधिकाऱ्यांपुढे हजर व्हा, प्रवासाचे पैसे द्या. ज्याला कर्ज ठाऊक नव्हते ते चर्च कर्जात गेले. मोठमोठ्या ग्रंथांत 'सुधारणा' या एका शब्दाने जे सांगितले जाते ते येथे रिकाम्या रकान्यांनी सांगितले आहे.

१५४९ च्या जूनमध्ये लॅटिन उपासनेऐवजी इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीने सुरू झाले. डेव्हनमधील सॅम्पफर्ड कोर्टने या खेड्याने दुसऱ्याच दिवशी पाद्र्याला जुनीच प्रार्थना म्हणायला लावली आणि तेथून बंड पेटले. डेव्हन व कॉर्नवॉलचे लोक एक्सेटरकडे निघाले आणि त्यांनी २ जुलैपासून शहराला वेढा घातला. पाच आठवड्यांनी सरकारी फौजांनी वेढा उठविला. नंतरच्या लढायांत हजारो शेतकरी कापले गेले आणि ऑगस्टच्या मध्याला सॅम्पफर्ड कोर्टने येथेच बंड संपले. या बंडात मोरबाथ कोठे होते? हिशेबवहीत उत्तर आहे. गावाने पाच तरुणांना शस्त्रे आणि वाटखर्च देऊन एक्सेटरबाहेरील सेंट डेव्हिड टेकडीवरच्या छावणीत पाठविले, आणि तो खर्च वहीत घातला. ही छावणी बंडखोरांची होती. राजाविरुद्ध उठलेल्या माणसांना शस्त्रे पुरविणे हा राजद्रोह. त्याला शिक्षा फाशीची. सर ख्रिस्तोफर यांनी तो खर्च नावानिशी लिहून ठेवला आहे, कारण गावाचा पैसा गेला होता आणि गावाला हिशेब द्यायचा होता. पाठविलेले सगळेच परतले नसावेत.

ही वही जे. अर्स्किन बिनी यांनी १९०४ साली छापून प्रसिद्ध केली होती. तथापि या नोंदीचा खरा अर्थ अभ्यासकांच्या ध्यानात आला नाही. केंब्रिजचे इतिहासकार ईमन डफी यांनी मोरबाथवर २००१ मध्ये संपूर्ण ग्रंथ लिहिला, तेव्हा तो उलगडला. त्यापूर्वी मोरबाथ हे निमूट आज्ञा पाळणाऱ्या गावाचे उदाहरण म्हणून दिले जाई. एका नोंदीने सगळे चित्र पालटले. हुकूम पाळला गेला यावरून तो पटला होता असे धरून चालणे किती धोक्याचे आहे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे पाहावे.

१५५३ मध्ये एडवर्ड मरण पावला आणि कॅथलिक मेरी राणी झाली. आता वहीत एक सुंदर यादी येते. कोणाच्या घरून पुतळा आला, कोणा विधवेच्या घरून पुस्तके आली, कोणी रंगविलेल्या फळीचा तुकडा आणून दिला. सहा वर्षे या वस्तू गावातल्या घरांत दडलेल्या होत्या. सर ख्रिस्तोफर एकेकाचे नाव घेऊन ते सांगतात आणि त्यांच्या लिहिण्यात आनंद लपत नाही. हा आनंद पाच वर्षे टिकला. १५५८ मध्ये एलिझाबेथ आली आणि पुन्हा सर्व उलटले.

या वेळी गावाने शस्त्र उचलले नाही. सर ख्रिस्तोफर यांनी नवे प्रार्थनापुस्तक स्वीकारले आणि पुढे आणखी सुमारे पंधरा वर्षे त्याच चर्चमध्ये त्यांनी इंग्रजीतून उपासना चालविली. कोणी म्हणेल, हा माणूस वारा वाहील तशी पाठ फिरविणारा. मला ते पटत नाही. ज्याला नोकरीच टिकवायची होती त्याने बंडखोरांचा खर्च वहीत लिहिला नसता. त्यांनी ज्यांना बाप्तिस्मा दिला त्यांची लग्ने लावली, त्यांच्या मुलांना बाप्तिस्मा दिला, आईबापांना पुरले. ही माणसे सोडून ते कोठे जाणार होते? श्रद्धा आणि गाव यांतून एकाची निवड करण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी गाव निवडले, आणि कदाचित त्यांच्या दृष्टीने या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच.

डफी यांच्या ग्रंथाचे नाव 'मोरबाथचे आवाज' अशा अर्थाचे आहे. त्याबद्दल एक शंका मांडल्याशिवाय राहवत नाही. वहीतील प्रत्येक अक्षर सर ख्रिस्तोफर यांच्या हातचे आहे. ल्यूसी सीलीला मेंढरे विकताना काय वाटले, हे तिच्या तोंडून आपण ऐकत नाही. त्या पाच तरुणांपैकी एखाद्याला जायचे नव्हते काय, त्याच्या आईने त्याला अडविले काय, हेही नाही. ज्याच्याकडे संताचे मेंढरू ठेवण्याइतका कळपच नव्हता, जो दुसऱ्याच्या शेतावर सालाने राबत होता, तो या वहीत क्वचितच डोकावतो. अशा माणसाचा पत्ता लागतो तो पुढे १६०१ नंतरच्या गरीबनिधीच्या कागदांत. एखाद्या म्हातारीला आठवड्याला मिळालेले काही पेन्स, कोणाला दिलेली जोड्यांची जोडी, कोणाच्या कफनाचा खर्च. १६६२ च्या कायद्यानंतर तर 'तू आमच्या पॅरिशचा नव्हेस' म्हणून गरिबाला हाकलून देण्याचे हुकूमही मिळतात. तेथे माणूस दिसतो, पण तो ओझे म्हणून दिसतो. तेव्हा आवाज हा शब्द जपून वापरावा असे मला वाटते. मोरबाथमध्ये ऐकू येतो तो एका माणसाचा आवाज. मात्र तो ऐकणारे समोर बसले आहेत हे जाणून बोलणाऱ्या माणसाचा. त्याने चूक वाचली असती तर तेहतीस घरांतून कोणीतरी उठून ती तेथल्या तेथे दाखविली असती. माझ्या मते या वहीची विश्वसनीयता तेथून आली आहे, लिहिणाऱ्याच्या विद्वत्तेतून नव्हे.

एलिझाबेथच्या काळातील पानांत मेंढरांचे नाव राहिले नाही. पूल दुरुस्तीची वर्गणी, तुरुंगासाठी पैसे, सैनिकांच्या सामानाचा खर्च, अशा सरकारी बाबी वाढत गेलेल्या दिसतात. चर्चचा कारभारी हळूहळू सरकारचा वसुलीदार होत चालला होता. अक्षर मात्र तेच. १५७३ पर्यंतचे हिशेब आहेत. पुढच्या वर्षी सर ख्रिस्तोफर वारले.